नानांच्या पेटीची किंमत

दिवाळीच्या सुट्टीत खुलताबादला मामूंचं माळवदाचं घर उतरवायला काढलं. स्लॅब टाकायचा आहे. अशा वेळी घरातून काय काय निघतं ते तुम्हाला सांगायला नको. कल्हई उडालेली पातेली, दोन सुरया, नानीच्या लग्नातलं पानदान, उंदरांनी कुरतडलेल्या रजया आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली नानांची पेटी. तिसऱ्या दिवशी मामूंच्या मुलाचा मला वेरूळला फोन आला, "आपा, पुराने सामानवाला आया है. पेटी के साढ़ेचार हज़ार देता बोलता. दे डालूँ?"

मी म्हटलं, "नको. मी येईपर्यंत थांब."

वेरूळहून खुलताबाद म्हणजे घाट चढून चार-पाच किलोमीटर. असरची नमाज पढून निघाले आणि मगरिबच्या आत पोचले. पेटी ओसरीवर ठेवली होती. भात्याच्या घड्या जागोजाग फाटलेल्या, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, दोन खुंट्या गायब. मामू खाटेवर बसून तिच्याकडे बघत होते. काही बोलत नव्हते.

नाना कव्वाल नव्हते. पोस्टात नोकरीला होते. पण पेटी उत्तम वाजवायचे. उरुसात बाहेरगावची एखादी पार्टी आली आणि तिचा पेटीवाला वाटेत अडकला, की बोलावणं नानांना यायचं. वेरूळच्या हरिनाम सप्ताहातही ते दोन-तीन वर्षं भजनाला बसले, असं अम्मी सांगते. ही पेटी त्यांनी 1958 साली जालन्यात जुनीच विकत घेतली होती. म्हणजे तेव्हाच ती कुणाची तरी वापरून झालेली.

गाणं-बजावणं जायज की नाजायज, या वादात मी या पानावर शिरणार नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं. खुलताबाद हे हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं गाव. त्यांचा इंतकाल 1337 चा, आणि समाची आवड असलेले बुजुर्ग म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं. त्यांच्या महफिलीत पेटी असणं शक्यच नव्हतं. ती पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबेन यांनी 1842 मध्ये पेटंट घेऊन बाजारात आणली. तिला आपण आपली म्हणतो, पण कव्वालीत, भजनात, नाटकात ती आलेली पाहुणी आहे. पाहुणी आली आणि घरची होऊन बसली. पायाने भाता मारायचं विलायती वाद्य आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या कामाचं नव्हतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने भाता मारायची पेटी बनवली आणि मग ती देशभर पसरली.

आता प्रश्न पैशाचा. साडेचार हजार ही किंमत बरोबर की चूक?

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. त्याला पेटीचे फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला, "खाला, काही करू नका, कपड्यानेसुद्धा पुसू नका." मग अर्धा तास तो मला इलेक्ट्रिक पियानोबद्दल सांगत राहिला. मला आधी वाटलं, पोरगा विषय सोडून बोलतोय. पण तो विषयावरच होता.

अमेरिकेत 1954 च्या सुमारास वुर्लिट्झर कंपनीने एक इलेक्ट्रिक पियानो काढला. त्यात तारा नाहीत. पोलादाच्या छोट्या पट्ट्या आहेत, अगदी आपल्या पेटीतल्या सुरांसारख्या. फरक एवढाच की पेटीत त्या पट्टीवरून हवा जाते, आणि तिथे तिच्यावर छोटी हातोडी पडते. तिची थरथर विजेने पकडून मोठी केली जाते. दुसरा प्रसिद्ध पियानो रोड्सचा. हॅरल्ड रोड्स हे पियानोचे शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात ते इस्पितळातल्या जखमी सैनिकांना पियानो शिकवायचे. अंथरुणावर पडलेल्या माणसाला मोठा पियानो कसा द्यायचा? म्हणून त्यांनी विमानांच्या टाकाऊ ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून 29 पट्ट्यांचा, मांडीवर मावेल एवढा पियानो बनवला. त्यातूनच पुढे 73 पट्ट्यांचा मोठा रोड्स आला. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे असेल, पण ही गोष्ट मला फार आवडली. डिसेंबरमध्ये आठवीच्या वर्गाला सांगणार आहे.

1983 मध्ये यामाहाचा डीएक्स सेव्हन हा हलका डिजिटल कीबोर्ड आला आणि हे जड पियानो लोकांना नकोसे झाले. रोड्स उचलायला दोन माणसं लागत. लोकांनी ते तळघरात टाकले, चर्चला दिले, मिळेल त्या भावात विकले. आज तेच, चांगल्या स्थितीत असतील तर, काही हजार डॉलरला जातात. आपल्या मुंबईतही असं झालंय. फिल्मी वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये जपानी रोलँड कंपनीच्या यंत्रांवर राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्यात वापरलेलं टीबी 303 नावाचं यंत्र खपेना म्हणून कंपनीने 1984 मध्ये बंदच केलं. पुढे परदेशात त्याच यंत्राच्या आवाजावर नाचगाण्याचा एक आख्खा प्रकार उभा राहिला आणि त्याची किंमत कुठल्या कुठे गेली. चरणजित सिंगांची रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली. 2015 मध्ये ते वारले. उशिरा का होईना, त्यांना आपलं कौतुक ऐकायला मिळालं.

"पण मोबाइलमध्ये हे सगळे आवाज मिळतात ना?" मी विचारलं. मिळतात म्हणाला, आणि बरेही असतात. तरी वाजवणारे जुनंच शोधतात, कारण वुर्लिट्झरची पट्टी हळू दाबली तर आवाज घंटीसारखा येतो आणि जोरात मारली तर तो गुरगुरतो. मधल्या सगळ्या पायऱ्या बोटाच्या हातात असतात. हे मला चटकन समजलं. नाना भात्यावरचा हात किंचित सैल सोडायचे, तेव्हा सूर श्वास सोडल्यासारखा उतरायचा. मोबाइलमधल्या पेटीला भाताच नाही.

मग त्याने मुद्द्याची गोष्ट सांगितली. जुन्या वाद्याला एक किंमत नसते. जमवणारा वेगळं बघतो आणि वाजवणारा वेगळं. जमवणाऱ्याला सगळं मूळचं हवं असतं. मूळ रंग, मूळ खुंट्या, आतली चिठ्ठी. रोड्सच्या आत चार आकड्यांचा शिक्का असतो. कितव्या आठवड्यात, कोणत्या साली तो बनला ते त्यावरून कळतं. जमवणारा आधी तो शिक्का शोधतो. वाजवणाऱ्याला शिक्क्याशी देणंघेणं नाही. तो म्हणणार, हातोड्यांचा नमदा झिजलाय, बदला. सूर उतरलाय, लावा. एखादी पट्टी मोडलीय, दुसरी घाला. म्हणजे ज्या दुरुस्तीने वाद्य वाजवणाऱ्याच्या कामाचं होतं, तिनेच ते जमवणाऱ्याच्या नजरेतून उतरतं.

दुसऱ्या दिवशी पेटी रिक्षात घालून शहरात एका पेटी-दुरुस्तीवाल्याकडे नेली. वयस्कर माणूस. त्यांनी मागची फळी उघडली आणि बराच वेळ बॅटरी धरून आत बघत राहिले. आत कागदाची चिठ्ठी होती. तिच्यावर "पॅरिस" एवढंच वाचता येत होतं. माझं काळीज उडालं, कारण पेटीवाल्यांत पॅरिसच्या सुरांचं नाव फार मोठं. कास्रिएल या पॅरिसच्या कारखान्याच्या सुरांसाठी वादक आजही जुन्या पेट्या हुडकत फिरतात. त्याखालोखाल जुने जर्मन सूर. आणि आजच्या बऱ्याच पेट्यांत असतात ते गुजरातच्या पालिताण्याचे.

"चिठ्ठीवर जाऊ नका बाई," ते म्हणाले. "पॅरिसची चिठ्ठी लावून आत दुसरेच सूर घातलेल्या पेट्या मी पोत्याने पाहिल्यात."

त्यांनी एकेक सूर वाजवून पाहिला. 39 पट्ट्या, दुहेरी सूर, म्हणजे 78 सूर. खर्जाची ओळ जवळजवळ सगळी मूळची निघाली, पॅरिसची. वरच्या ओळीतले वीसेक सूर कधीतरी मोडले होते, तिथे पालिताण्याचे घातलेले. बहुतेक नानांनीच घालून घेतले असतील. त्यांना वाजवायची होती, जपून ठेवायची नव्हती. "जमवणाऱ्यासाठी ही पेटी बाटली," ते हसून म्हणाले. "वाजवणाऱ्यासाठी खर्जात सोनं आहे."

पट्ट्या हस्तिदंताच्या असाव्यात की काय, ही मला दुसरी धास्ती होती. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंद आहे. 1986 मध्ये भारतीय आणि 1991 मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आजोबांच्या वेळचं आहे म्हणून सूट मिळत नाही. त्यांनी भिंगातून दाखवलं. पांढऱ्या पट्टीवरचा पत्रा अखंड आहे, रेघा नाहीत, जोड नाही. जुन्या वाद्यांत हस्तिदंत बहुधा दोन तुकड्यांत लावलेला असतो आणि मध्ये बारीक जोड दिसतो. हे सेल्युलॉइड. एक चिंता मिटली. वेरूळ पर्यटकांचं गाव, म्हणून आणखी एक सांगून ठेवते. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुराणवस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही. कुणी परदेशी पाहुणा दारात येऊन जुनं काही मागू लागला, तर आधी चौकशी करा.

सूर लावण्याचं त्यांनी सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. पितळी सुराचं टोक घासलं की सूर चढतो, बुडखा घासला की उतरतो. प्रत्येक वेळी थोडं पितळ जातं ते जातंच. फ्रान्समध्ये 1859 मध्ये सूर 435 कंपनांचा ठरवला होता. आजचे कीबोर्ड 440 वर असतात. फरक अर्ध्या सुराच्या पाचव्या भागाएवढा, पण कानाला टोचतो. आजकाल कव्वालीच्या पार्टीत शेजारी कीबोर्ड असतोच. म्हणजे नानांची पेटी त्याच्यासोबत वाजायची तर खर्जातला एकेक सूर घासून वर चढवावा लागेल. नाही घासला तर ती एकटीच वाजणार. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, वुर्लिट्झरमध्येही असंच. तिथे पट्टीच्या टोकावर कथिलाचा थेंब असतो, तो घासला की सूर चढतो.

पेटीवर आरोप काही कमी झालेले नाहीत. सूर ठरलेले, मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत. याच कारणांनी आकाशवाणीने 1940 मध्ये तिला बंदी केली ती 1971 पर्यंत. तीस वर्षं रेडिओवर नाही, आणि तरी घरोघरी आहे. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मानाची जागा मिळवून दिली होती, पुढे आप्पा जळगावकरांसारख्यांनी ती साथीत टिकवली. सरकारी बंदीला एखादं वाद्य इतकं सहज पुरून उरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

दुरुस्तीवाल्यांनी अंदाज दिला: आहे त्या स्थितीत, जाणकार वादकाला, वीस ते पंचवीस हजार. नवी चांगली पेटी घ्यायला गेलं तर लाखाच्या पुढेही जाते, म्हणून हे फार नव्हे. पण साडेचार हजारांच्या पाचपट.

आणि इथून खरी गोष्ट सुरू झाली.

दोन गिऱ्हाइकं आली. पहिला, शहरातल्या एका हॉटेलच्या सजावटीचं काम घेतलेला माणूस. पेटी स्वागतकक्षात काचेखाली ठेवणार. 30,000, रोख, आजच्या आज. सूर वाजतात की नाही हे त्याने विचारलंही नाही. फाटलेला भाता त्याला उलट आवडला, "ओरिजिनल लुक" म्हणाला. दुसरा, नानांनी ज्यांच्या पार्टीत साथ केली होती त्यांचा नातू. पंचविशीतला, दिवसा गॅरेजमध्ये काम करतो, रात्री गातो. त्याने पेटी मांडीजवळ घेतली, फाटका भाता एका हाताने आवळून धरला आणि खर्जातला एक सूर काढला. मामूंनी डोळे पुसले. तो म्हणाला, 24,000 देईन, पण सहा महिन्यांत, महिना चार हजार. दुरुस्तीचा खर्च माझा.

मामू लगेच म्हणाले, "ले जा बेटा."

मी म्हटलं, "मामू, थोडं थांबा."

ही पेटी एकट्या मामूंची नव्हती. नाना गेले तेव्हा नानी आधीच गेलेल्या. वारस तीन: मामू, अम्मी आणि परभणीची धाकटी खाला. शरियतप्रमाणे मुलाचे दोन भाग, मुलींचा एकेक. म्हणजे पेटीत मामूंचा निम्मा हिस्सा, अम्मीचा आणि खालाचा पाव-पाव. घराची वाटणी तेव्हा झाली, कागद झाले. पेटी, पानदान, शिलाईचं मशीन यांचा हिशेब कुणी केला नाही. कारण तेव्हा त्यांची काही किंमत आहे असं कुणाला वाटलंच नाही. आपल्या घरांत बहिणींचे हिस्से असेच राहून जातात. कुणी बळजबरीने हिसकावून घेत नाही, फक्त कुणी मोजत नाही.

मामू दुखावले. "मैं बहनों का हक़ मारूँगा क्या?" मी म्हटलं, मारणार नाही, पण तुम्ही सहा हजारांची मेहरबानी करताय, त्यातले तीन हजार बहिणींचे आहेत. त्यांना विचारा. फळ्यावर लिहितात तसं कागदावर लिहून दाखवलं. हॉटेलवाल्याला दिली तर प्रत्येक बहिणीला 7,500. पोराला दिली तर 6,000, तेही हप्त्याने.

अम्मीने क्षणाचाही विचार केला नाही. "पोराला द्या." पण खालाने फोनवर बराच वेळ काही बोललं नाही. मग म्हणाली, "भाईजान, मेरेकू पैशाची गरज है. जमाईबाबूचं ऑपरेशन पुढल्या महिन्यात है." एवढं बोलून ती रडायला लागली. तिला वाटलं, आपण अब्बांच्या आठवणीचा भाव केला. मी फोन हातात घेऊन तिला सांगितलं की भाव आम्ही सगळेच करतोय, तू एकटी नाहीस. मला त्या क्षणी खालाचंच म्हणणं बरोबर वाटत होतं. आठवण ज्याला परवडते त्याने जपावी. ज्याला परवडत नाही त्याच्यावर ती लादू नये.

शेवटी मामूंनीच तोडगा काढला. पेटी पोराला. खालाला हॉटेलवाल्याच्या भावाने, म्हणजे 7,500, आणि तेही आत्ता, मामूंच्या खिशातून. तिच्या हिश्शाचे हप्ते पुढे मामू घेतील. हिशेब मांडला तर मामूंना 12,000 च्या जागी 10,500 उरले. मामूंची सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला हे आवडलं नाही, आणि स्लॅबचा खर्च डोक्यावर असताना तिला ते का आवडावं? तिने चहात साखर घातली नाही. सगळ्यांनी तसाच प्यायला.

पानदान आणि शिलाई मशीनचाही कागद करायला सांगितलाय. मशीन अजून चालतं, ते खालाकडे जाईल असं दिसतंय.

पोराने पहिला हप्ता दिला आणि पेटी थेट दुरुस्तीला टाकली. परवा त्याचा फोन आला. कारागीर विचारतायत, सूर 440 ला चढवायचे की आहेत तसे ठेवायचे? चढवले तर पार्टीत कीबोर्डसोबत वाजेल, पण पॅरिसचं पितळ घासावं लागेल. "आपा, तुम्ही सांगा." मी म्हटलं, पेटी आता तुझी आहे, मला कशाला विचारतोस? तर म्हणाला, वरची पालिताण्याची ओळ पूर्ण बदलून 440 ची करतो, खर्ज आहे तसा ठेवतो आणि कीबोर्डवाल्याला त्याचं यंत्र थोडं खाली उतरवायला सांगतो. हल्लीच्या कीबोर्डवर तेवढं एका बटनाने होतं म्हणे. मी त्याला म्हटलं, अरे, मग वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींशी कशा जुळतील? तो हसला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता दोन्ही ओळी 435 लाच लावायचं ठरलंय.

भात्याचं काम अजून बाकी आहे.